कमरेला पिस्तूल, समोर थाळी: रेस्टॉरंटच्या दारावर पाटी लावावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला एक छोटं रेस्टॉरंट चालवतो. शनिवार-रविवार मिसळ आणि थाळी, बाकीचे दिवस लोकाग्रहास्तव बटर चिकन. बिअर आणि वाइन ठेवतो.

गेल्या आठवड्यात एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं पाण्याचा जग घ्यायला हात लांब केला, शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. माणूस सभ्य आहे, टिप चांगली देतो. त्यानं दारू मागवली नव्हती, म्हणजे कायद्यानं त्याचं काहीच चुकलं नाही. पण पलीकडे एका मुलाच्या वाढदिवसाची मंडळी बसली होती. त्यातली एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे तुम्ही चालवून घेता?"

इथला कायदा थोडक्यात सांगते. २००९ पर्यंत दारू मिळते अशा जागी परवाना असला तरी बंदूक न्यायला बंदी होती. त्या वर्षी विधिमंडळानं ती उठवली. गव्हर्नर फिल ब्रेडेसन यांनी नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळानं लगेच मोडीत काढला. नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या न्यायालयानं कायदा संदिग्ध म्हणून रद्द केला. सवलत होती ती जेवण हाच मुख्य धंदा असलेल्या जागांना. आता एखाद्या जागेचा मुख्य धंदा जेवणाचा की दारूचा हे गिऱ्हाइकानं दारात उभं राहून कसं ठरवायचं? २०१० मध्ये विधिमंडळानं तो फरकच काढून टाकला. पुन्हा नकाराधिकार, पुन्हा तो मोडीत. तेव्हापासून नियम असा: बंदूक आणा, पण आणली तर पिऊ नका, आणि मालकाला नको असेल तर त्यानं दारावर पाटी लावावी. २०२१ पासून तर बहुतेक प्रौढांना कमरेला लावायला परवानाही लागत नाही.

आजवर आम्ही पाटी लावलेली नाही. नवरा म्हणतो, लावलीस तर इथली निम्मी गिऱ्हाइकं जातील. मी म्हणते, नाही लावली तर उरलेली निम्मी जातील. तुमच्याकडे काय करतात?

ह्यूस्टनचा_बंड्या

ताई, पाटी लावू नका. मी परवानाधारक आहे, बायकोही आहे. पाटी वाचतो कोण? माझ्यासारखा कायदा पाळणारा. ज्याला गोळ्या घालायच्याच आहेत तो पाटीसमोर थबकून परत जाणार आहे का?

१६ ऑक्टोबर १९९१. टेक्सासातलं किलीन गाव, ल्यूबीज कॅफेटेरिया, दुपारच्या जेवणाची वेळ. एका माणसानं पिकअप ट्रक काच फोडून थेट आत घातला आणि २३ लोक मारले. सुझॅना हप आईवडिलांबरोबर जेवायला आल्या होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते पर्समध्ये ठेवून आत नेणं टेक्सासात बेकायदा होतं. आई आणि वडील दोघंही त्यांच्यादेखत गेले. पुढे त्या ठिकठिकाणी साक्षी देत फिरल्या, विधिमंडळात निवडून आल्या. १९९५ मध्ये टेक्सासात परवान्याचा कायदा झाला त्यामागे ही घटना आहे. इथल्या माणसाशी या विषयावर बोलायचं तर ल्यूबीज माहीत हवं, नाहीतर तो तुमचं पुढचं ऐकतच नाही.

आमच्याकडचा नियम तुमच्यापेक्षा सुटसुटीत आहे. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथंच बसून प्यायच्या दारूतून येतं, तिच्या दारावर लाल अक्षरांत भलंमोठं '५१%' लिहिलेलं असतं. तिथं बंदूक नेली तर साधा दंड नाही, गंभीर गुन्हा. बाकी रेस्टॉरंटांत मालकानं मनाई केली नसेल तर चालतं. तुमच्या न्यायालयाला जो प्रश्न पडला त्याचं उत्तर आम्ही दारावरच रंगवून ठेवलंय.

तिरफळ

बंड्या, ल्यूबीज मान्य. पण रानजाईंच्या गावातलंच घे ना. एप्रिल २०१८, नॅशव्हिलचा अँटिओक भाग, पहाटेची वेळ, वॉफल हाउस. रायफल घेऊन आलेल्यानं चौघांना मारलं. तो मध्येच थांबला तेव्हा जेम्स शॉ ज्युनिअर नावाच्या गिऱ्हाइकानं झडप घालून तापलेली नळी हातानं पकडली, रायफल हिसकावली आणि काउंटरपलीकडे फेकली. हात भाजला, पण बाकीचे वाचले. त्याच्याकडे काय होतं? काही नाही.

जर्सीकर

तुम्ही एक किस्सा द्या, मी दुसरा देतो, हे पहाटेपर्यंत चालेल. मीही एक देतो आणि थांबतो.

टेनेसीचा हा कायदा विधानसभेत मांडणारे आमदार करी टॉड. 'परवानाधारक जबाबदार असतात, ते पिणार नाहीत' हा या मंडळींचा मुख्य मुद्दा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये नॅशव्हिलमध्ये रात्री पोलिसांनी त्यांची गाडी अडवली. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप, शिवाय सीटशेजारी भरलेलं रिव्हॉल्व्हर. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला. कायदा करणाऱ्यालाच जमलं नाही, ते शुक्रवारी रात्री अकरा वाजता नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरच्या बारमध्ये कोणाला जमणार?

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कात दारू मिळते तिथं बंदूक बंद, विषय संपला. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ब्रुएन खटल्यात न्यू यॉर्कची जुनी परवाना पद्धत ६ विरुद्ध ३ मतांनी मोडली, तेव्हा न्यू यॉर्कनं लगेच नवा कायदा आणला आणि 'संवेदनशील जागां'च्या यादीत दारूची दुकानं सोडून पिण्याच्या सगळ्या जागा घातल्या. त्यावर खटले झाले, पण दारूच्या जागांची बंदी अपील न्यायालयात टिकली.

ह्यूस्टनचा_बंड्या

एक आमदार प्यायला म्हणून लाखो परवानाधारक बेवडे? मग दारू पिऊन गाडी चालवणारे आहेत म्हणून बारबाहेरची पार्किंगं बंद करा. घोळक्यात एक जण न पिता बसतो आणि सगळ्यांना घरी सोडतो, ते आपल्याला चालतं ना?

आणि बंदी घातली की बंदूक जाते कुठं? गाडीत. गाड्या फोडून बंदुका चोरणं हा टेनेसीतला मोठा धंदा आहे, नॅशव्हिलचे पोलीस स्वतः त्याचे आकडे जाहीर करतात. ती चोरीची बंदूक पुढे कोणाच्या हातात जाते हे सांगायला नको. माझ्या कमरेला ती जास्त सुरक्षित आहे.

जर्सीकर

त्यापेक्षा घरीच ठेव की. बिर्याणी खायला जायचंय, पानिपतावर नाही.

पेला_रिकामा

मी इथंच जन्मलोय, मराठी लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

कॉलेजात असताना मी व्हर्जिनियात एका बार-रेस्टॉरंटमध्ये काउंटरमागे काम केलं. तिथला नियम फार गमतीचा होता. २०१० पूर्वी दारू मिळणाऱ्या रेस्टॉरंटात लपवलेली बंदूक चालत नसे, पण उघडी चालत असे. म्हणजे कोटाखाली पिस्तूल घेऊन आलेला माणूस दारात कोट काढून खांद्यावर टाकायचा आणि कायद्यात बसायचा. आमचे जुने वेटर हे अजून रंगवून सांगतात. बॉब मॅकडॉनेल गव्हर्नर झाल्यावर लपवलेलीही चालू लागली, अट एकच: परवाना हवा आणि प्यायचं नाही.

आता ही अट पाळली जाते की नाही हे बघायचं कोणी? पोलीस तर तिथं नसतात. चौघांनी एक पिचर मागवला, मी चार ग्लास ठेवले. त्यातल्या कोणाच्या शर्टाखाली काय आहे ते मला दिसत नाही, दिसू नये म्हणूनच तर ते शर्टाखाली आहे. वय तपासायचं माझं काम, कोण जास्त प्यायलाय ते ओळखायचं माझं काम, आणि जास्त प्यायलेल्याला आणखी दिली तर अडकणार मीच. पण त्याच्याकडे बंदूक आहे का, हे मला कळायचा मार्गच नाही.

आणि काउंटरमागे सगळ्यात वाईट क्षण कोणता, माहीत आहे? हाणामारी नाही. हाणामारी झाली की बाउन्सर येतो. वाईट क्षण असतो तो "सर, आता बस झालं" म्हणायचा. रोज रात्री एकदा तरी यायचा. मी मोठ्या आवाजात कधीच म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा, बिल शेजारी ठेवायचं, त्याच्या मित्राकडे बघायचं. बहुतेक जण पुटपुटत निघून जातात. एखादा मात्र हलत नाही, तुझ्याकडे बघत राहतो. तेव्हा डोक्यात एकच विचार येतो, याच्याकडे आहे का?

बंड्याभाऊ, तुम्ही न पिता बसणार हे मला मान्य आहे. पण काउंटरमागून मला तुम्ही आणि तो, दोघंही सारखेच दिसता.

तिरफळ

वा! पेला, मराठीची काळजी करू नकोस. धाग्यातला पहिला प्रतिसाद जो कोणाचं घोडं पुढे दामटत नाहीये.

वकीलकाकू_ठाणे

पेला_रिकामा यांनी सांगितलेला तो क्षण म्हणजे जेसिका लाल प्रकरणच. २९ एप्रिल १९९९ ची रात्र, दिल्लीत मेहरौलीचं टॅमरिंड कोर्ट. बार बंद झाला होता. मनू शर्मानं दारू मागितली, जेसिकानं नाही म्हटलं. त्यानं एक गोळी छतात झाडली आणि दुसरी तिच्या डोक्यात. त्याच्याकडे .२२ पिस्तुलाचा परवाना होता. ते पिस्तूल पोलिसांना कधीच मिळालं नाही. आणि त्या जागेकडे दारूचा परवाना नव्हता! २००६ च्या फेब्रुवारीत सत्र न्यायालयानं सगळ्यांना सोडलं, देशभर संताप उसळला, डिसेंबरात उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली.

आपल्याकडचा कायदा मुळातच उलटा आहे. तिकडे बाळगणं हा हक्क आणि बंदी हा अपवाद. इकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना जिवाला धोका आहे हे पटवायचं, मग पोलिसांचा अहवाल, मग वाट बघत बसायचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी शस्त्र मिरवायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात हवेत गोळीबार केला तरी तुरुंगवास होऊ शकतो. निवडणूक आली की पोलीस परवान्याची शस्त्रंही ठाण्यात जमा करून घेतात.

तरी रुबाबासाठी परवाना काढणारे कमी नाहीत. माझ्या एका अशिलाला पिस्तूल फक्त बैठकीत टेबलावर ठेवायला हवं होतं. मी त्याला दुसरा वकील शोधायला सांगितलं.

धोबीतलाव

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता बोलतो. आमच्या कुलाब्याच्या लिओपोल्डमध्ये २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, लोक त्याखाली बसून बिअर पितात. दरवेळी कोणीतरी पाहुणा म्हणतोच, 'त्या रात्री इथं एखाद्याकडे पिस्तूल असतं तर...' अरे, समोर एके-४७ आणि ग्रेनेड होते. असो.

बाणेदार_बाणेर

भारतात साधा काठी चालवायचा हक्क नाही आणि इथं येऊन अमेरिकेला शहाणपण शिकवताय. तिकडच्या मराठी लोकांना स्वतःचं संरक्षण करायची अक्कल नाही म्हणून मार खातात. ओलेथमध्ये काय झालं विसरलात का?

तिरफळ

विसरलो नाही. २२ फेब्रुवारी २०१७, कॅन्सस, ऑस्टिन्स बार अँड ग्रिल. गार्मिन कंपनीतले दोन भारतीय इंजिनिअर काम संपवून बाहेर पॅटिओवर बसले होते. एक माणूस त्यांना शिव्या देऊ लागला, व्हिसा कोणता विचारू लागला. त्याला तिथून बाहेर काढलं. तो गेला आणि पिस्तूल घेऊन परत आला. एक जण गेला, दुसरा जखमी झाला, आणि मध्ये पडलेल्या एका गोऱ्या तरुणालाही गोळी लागली. तो बचावला, पण निःशस्त्रच होता. त्या गेलेल्या मुलाला 'संरक्षण करायची अक्कल' नव्हती असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर तुमच्याशी माझं बोलणं संपलं.

ह्यूस्टनचा_बंड्या

बाणेदार, मी बंदुकीच्या बाजूचा असूनही हे वाक्य मला चालणार नाही. ते मागे घ्या.

संपादक मंडळ

वैयक्तिक आणि गेलेल्या माणसांबद्दलची शेरेबाजी नको. बाणेदार_बाणेर यांचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा विषयावर राहू द्या.

जुनी_वही

अवांतर, पण राहवत नाही. बंदुकांचं अमेरिकन स्वातंत्र्य म्हटलं की सगळ्यांना काऊबॉयचा सलून आठवतो. प्रत्यक्षात त्या गावांतच बंदी कडक होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोननं १८८१ च्या एप्रिलमध्ये वटहुकूम काढला होता: गावात आलात की शस्त्रं जमा करा, गाव सोडताना परत न्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओके कोरलची प्रसिद्ध चकमक झाली. तिथं वायट अर्प आणि त्याचे भाऊ समोरच्यांची शस्त्रं काढून घ्यायला गेले होते, कारण त्यांनी हाच नियम मोडला होता. १८७० च्या टेक्सासच्या कायद्यात नाचाच्या जागी आणि मेजवानीत बंदूक नेणं हा गुन्हा होता. बंड्या, तुझ्याच टेक्सासच्या!

हे फक्त गमतीसाठी नाही. ब्रुएनपासून न्यायालयं आजचा निर्बंध टिकतो का ते जुन्या कायद्यांची परंपरा बघून ठरवतात. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचे हे धुळकट वटहुकूम आज दोन्ही बाजूंचे वकील शोधत बसले आहेत. त्याच ॲरिझोनात २००९ पासून परवाना असेल आणि मालकानं पाटी लावली नसेल तर बारमध्ये पिस्तूल नेता येतं.

ह्यूस्टनचा_बंड्या

१८७० मध्ये टेक्सासचा कायदा कोण कोणाविरुद्ध वापरत होतं तेही बघ. पण वाचतो.

नवखा_डॅलस

मी वाचनमात्र असतो, पण एक शंका. मी एच-वन-बीवर आहे. ऑफिसातले मित्र नेमबाजीच्या रेंजवर नेतात, परवा एकानं बारबेक्यूच्या जागी स्वतःचं पिस्तूल 'धर, बघ वजन' म्हणून हातात दिलं. यात काही प्रॉब्लेम नाही ना?

जर्सीकर

आहे, मोठा आहे. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसे. हा व्हिसा असलेल्यानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असे थोडे अपवाद आहेत. टेक्सासात विनापरवाना चालतं ते राज्याच्या कायद्यानं, केंद्राचा कायदा त्याच्या वर बसतो. ग्रीन कार्ड आल्यावर वेगळी गोष्ट. मित्राला नम्रपणे नाही म्हण आणि इमिग्रेशन वकिलाशी बोल.

ह्यूस्टनचा_बंड्या

या एका बाबतीत जर्सीकरांना शंभर टक्के अनुमोदन. नवख्या, हातही लावू नकोस.

धोबीतलाव

आज तारीख लिहून ठेवा रे.

रानजाई

सगळ्यांचे आभार. उशिरा येतेय, शनिवार होता.

पाटीबद्दल आमच्या वकिलाशी बोलले. इथं साधं बंदुकीवर काट मारलेलं चित्र चिकटवून भागत नाही. 'नो फायरआर्म्स अलाउड' ही ओळ किमान एक इंच उंच आणि आठ इंच रुंद, सोबत काट मारलेलं वर्तुळ, आणि खाली कायद्याचं कलम. नियमात बसणारी पाटी असताना कोणी आणली तर पाचशे डॉलर दंड. दुसरीकडे २०१६ पासून पाटी न लावणाऱ्या मालकाला कायद्यानं संरक्षण दिलंय: तुम्ही बंदी का घातली नाही म्हणून तुमच्यावर दावा लागत नाही. म्हणजे सरकारचा कल कुठं आहे ते कळलं. नवऱ्यानं हे ऐकलं आणि "मग कशाला लावायची?" म्हणत भांडी विसळायला निघून गेला.

पण मला पेला_रिकामा यांचा प्रतिसाद पटला. आमच्याकडे वाढायला असतात त्या दोघी कॉलेजच्या मुली आहेत. 'सर, आता बस' त्यांनाच म्हणावं लागतं, मला किंवा नवऱ्याला नाही. मी दोघींना विचारलं. एक म्हणाली, काही फरक पडत नाही, तिच्या घरात सगळ्यांकडे आहेत. दुसरी म्हणाली, पाटी असेल तर निदान मला सांगता येईल की हा माझा नियम नाही, मालकिणीचा आहे. मला तेवढं पुरे आहे. बुधवारी छापून येतेय. आणि त्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करणार आहे, त्याला दारात कळायला नको.

पेला_रिकामा

ती दुसरी मुलगी फार दिवस टिकेल या धंद्यात.

ह्यूस्टनचा_बंड्या

ताई, निर्णय पटला नाही, पण दुकान तुमचं आहे. टेक्सासातही माझं हेच म्हणणं असतं: सरकारनं ठरवू नये, मालकानं ठरवावं. आम्ही पुढच्या महिन्यात नॅशव्हिलला येतोय, मिसळीला येणार. पिस्तूल गाडीत तिजोरीत ठेवीन. पार्किंगला कॅमेरा आहे ना?

रानजाई

आहे, पण अर्ध्या भागात त्याला फक्त कचऱ्याचा डबा दिसतो. दाराजवळची जागा तुमच्यासाठी राखून ठेवते, येताना फोन करा. आणि शनिवारी साडेअकराच्या आत या, नंतर तर्री संपते.